दाराखालचं ऊन

सासरी येऊन मला पाच महिने झाले. माहेरचे आम्ही रविवारी चर्चला जाणारे ख्रिस्ती, रविवारवाले. इथली मंडळी ॲडव्हेंटिस्ट, म्हणजे आमच्या नागपूरच्या सदरमधल्या लोकांच्या तोंडी 'शनिवारवाले'. शुक्रवारी सूर्य बुडाल्यापासून शनिवारी बुडेपर्यंत यांचा शब्बाथ: चूल नाही, धंदा नाही, ओझं उचलणं नाही. चहा तर कुठल्याच वारी नाही. ते दुःख वेगळं. पण यांच्यात भूतही नसतं. मेलेला माणूस पुनरुत्थानाच्या दिवसापर्यंत गाढ झोपलेला असतो, त्याला काही कळत नाही. काळोखात न्हाणीघरात जायला घाबरणाऱ्या मला लग्नातली ही सगळ्यात मोठी सोय वाटली होती.

याच जानेवारीतला शनिवार. सूर्य बुडाला होता, शब्बाथ संपला होता, मी शेगडी पेटवून दूध तापत ठेवलं होतं. आमचे हे सोमवारी पहिल्यांदाच पुस्तकांची पिशवी घेऊन निघणार होते. गावोगावच्या छोट्या मंडळ्यांना, म्हणजे आपल्या पंथाच्या चार-दोन घरांना, भेटायचं, आणि वाटेतल्या घरोघर आरोग्याची अन् धर्माची पुस्तकं विकायची. निघायच्या आधी घरात काहीतरी ठोकून जावं असं पुरुषांना का वाटतं कोण जाणे. यांनी भिंतीत खिळा मारायला घेतला.

"काय ठोकून राहिला गा?" मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, विचारलं.

"सूर्यास्ताचा तक्ता, बाबा. शब्बाथ कधी लागतो ते दर शुक्रवारी पाहायला नको."

"कुठला आहे?"

"छापील आहे."

"कुठल्या गावचा, ते विचारलं मी."

ते यांना माहीत नव्हतं. मामंजी उठले, तक्ता यांच्या हातातून घेतला आणि त्याची घडी केली. मग घडीची घडी केली. आवाज चढवला नाही. पाच महिन्यांत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकलेला नाही. तरी माझ्या नणंदेने, प्रेमिलाने, आपला दुधाचा पेला त्यांच्यापासून लांब सरकवला.

"बसा," ते म्हणाले. "विश्वनाथची गोष्ट सांगतो."

"भुताची आहे?" प्रेमिलाने विचारलं.

"भूत नसतं."

"मग?"

"ऐक आधी."

विश्वनाथ मामंजींचा सोबती. दोघं पुस्तकं घेऊन कित्येक वर्षं बरोबर हिंडलेले. चौतीस साल, जानेवारीची एकोणीस, शुक्रवार. बिहारात भूकंप झाला तोच आठवडा. विश्वनाथ छोट्या लाइनच्या गाडीने भिवापूरला उतरला आणि दोन कोस चालून एका गावी गेला. गावाचं नाव मामंजींनी सांगितलं नाही. तिथे चार घरांची मंडळी होती. तिचा पुढारी भैयाजी, मिरचीचा व्यापारी. त्याच्याच घरात प्रार्थना व्हायची.

पिशवीत पुस्तकं होती, पण त्या खेपेचं खरं काम दुसरं होतं. एक वर्षापूर्वी याच सुमारास त्याच गावात या दोघांचा तिसरा सोबती, रुपराव, तापाने गेला होता. भैयाजीने नागपूरला पत्र धाडलं होतं: 'बंधू रुपराव माझ्या मांडीवर डोकं ठेवून, मंडळीची प्रार्थना चालू असता, शांतपणे झोपी गेले.' रुपरावच्या बायकोने, यमुताईने, ते पत्र वर्षभर उशाशी ठेवलं. विश्वनाथ निघाला तेव्हा ती म्हणाली, "शेवटचं काय बोलले, तेवढं विचारून या भाऊजी. पत्रात सगळं हाये, त्यायचा एक शब्द नाही."

विश्वनाथ पोचला तेव्हा अंगणभर मिरच्या वाळत होत्या. भैयाजीने हात जोडून आत घेतलं. त्याची बायको कौशल्या, तिने पाणी आणलं. विश्वनाथने विचारलं. भैयाजीने सांगितलं: माझ्या मांडीवर, प्रार्थना चालू असता, शांतपणे. पत्रातलं अक्षर न् अक्षर.

"अन् बोलला काय?"

"देवाचं नाव घेतलं."

कौशल्येने तांब्या ओतता ओतता नवऱ्याकडे पाहिलं. पाणी विश्वनाथच्या पायावर सांडलं.

भैयाजीने घड्याळ काढलं आणि भिंतीवरचा तक्ता पाहिला. पाच वाजून सतरा मिनिटं. "शब्बाथ लागला," तो म्हणाला, आणि दाराला अडसर घातला. विश्वनाथला वाटलं, आत्ताच तर मी उन्हातून आलो. दाराखालच्या फटीतून उन्हाची पट्टी आत आलेली होती. पण पाहुण्याने काय बोलावं.

गाणं झालं. भैयाजी प्रार्थनेला उभा राहिला.

बाहेर कोणीतरी काहीतरी जड खाली ठेवलं. खोकला आला. मग आवाज.

"भैयाजी. ऊन हाये अजून."

भैयाजीची प्रार्थना अर्ध्यात थांबली.

"कोण आहे?" विश्वनाथ म्हणाला.

"गावातला एक येडा हाये. बस तू."

"हा रुपराव आहे."

आठ वर्षं ज्याच्या मागे चालला त्याचा खोकला विश्वनाथला ओळखू येणार नाही होय.

"रुपराव झोपला हाये," भैयाजी म्हणाला. "मेलेल्याले काही समजत नाही. हे मी शिकवू का तुले?"

"मग बाहेर कोण आहे?"

भैयाजी...

इथे मामंजी थांबले. दूध उतू चाललं होतं. मी ते उतरवलं नाही.

सात वाजले. आठ वाजले. चवथीची कोर होती, तीही साडेनऊला बुडाली. विश्वनाथने मागची खिडकी उघडून पाहिली. काळोख. चांदण्या. हाडात शिरणारी थंडी.

मग तो पुढच्या दाराशी आला.

दाराखाली उन्हाची पट्टी तशीच होती.

पिवळी. संध्याकाळची. त्याने हात ठेवला. गरम.

थोड्या थोड्या वेळाने आवाज येई. राग नाही, विनवणी नाही. तेच शब्द. दर वेळी थोडे आणखी खालून आलेले.

"ऊन हाये... भैयाजी..."

भैयाजी भिंतीला टेकून उभा होता. तोंडाने पुटपुटत होता, मेलेल्याले काही समजत नाही, समजत नाही... त्याचे डोळे त्या पट्टीवर होते.

अकरा वाजले. कौशल्या उठली. तिने तांब्या भरला. भैयाजी दाराला आडवा झाला.

"बाजूले व्हा," ती म्हणाली.

"शब्बाथ हाये वं."

"मागच्या साली बी हेच बोलले तुमी. ताप फणफणत होता त्याले. खांद्यावर पुस्तकं. तुमी म्हणाले, ओझं घेऊन शब्बाथात आला, आता उद्या सांजवरी बाहेर बस. तो म्हणे ऊन हाये अजून. होतं ऊन. मी पाहिलं. हाच तांब्या होता, अन् तुमी माहा हात धरला." तिने हात पुढे केला. "आता धरून पाहा."

भैयाजीने धरला नाही.

"पहाटवरी खोकत होता," ती विश्वनाथला म्हणाली. "मी आतून ऐकत होती. शेवटी बोलला, यमुले सांगजा, मी टायमावर आलतो. मंग..."

तिने अडसर काढला.

काळोख. नुसता काळोख. अंगणात कोणी नाही.

तिने पायरीवर तांब्या ठेवला आणि तिथेच बसली.

विश्वनाथने कंदील लावला. भिंतीवरचा तक्ता उतरवून उजेडात धरला. खाली बारीक अक्षरात गाव लिहिलं होतं. कलकत्ता.

"कलकत्त्याला सूर्य आपल्या पाऊण तास आधी बुडतो," मामंजी म्हणाले. हातातली तक्त्याची घडी त्यांनी इतकी दाबली होती की बोटं पांढरी पडली होती. "त्या शहाण्याने भिंतीवरचा कागद पाहिला. दार उघडून आभाळ पाहिलं नाही. अन् सूर्य बुडाला असता, तरी काय? शब्बाथाला बैल विहिरीत पडला तर काढतो ना आपण? कोणी विचारतं का, बैल किती वाजता पडला? इथे माणूस बसला होता. अन् वरून पत्र लिहितो, माझ्या मांडीवर."

"पण बाबा," प्रेमिला हळूच म्हणाली, "मेलेला झोपलेला असतो ना?"

"असतो. पण त्याच्या नावाने खोटं लिहून त्याला झोपू दिलं नाही त्या भैयाजीने. मी एवढंच म्हणतो. भूत म्हणत नाही."

"पाणी प्यायलं का कोणी?"

"नाही. तांब्या सकाळी तसाच भरलेला होता."

हे इतका वेळ खाली पाहत होते. त्यांनी विचारलं, "यमुकाकूंना सांगितलं?"

"जसंच्या तसं. ती फाल्गुनात स्वतः गेली. भैयाजीशी एक शब्द बोलली नाही. नुसतं दार पाहून आली."

"दार?"

मामंजींनी शेगडीतला निखारा उगाच उलटापालटा केला.

"सागवानी दार. त्या दिवाळीला तेल देऊन काळं केलेलं. शनिवारी उजाडल्यावर विश्वनाथने पाहिलं, तर बाहेरची बाजू पार रंग उडालेली. वर्षानुवर्षं उन्हात पडलेलं लाकूड असतं ना, तशी. फक्त खाली, पायरीजवळ, एवढा एक भाग काळाच राहिलेला. टेकून बसलेला माणूस. मान डावीकडे कललेली. खांद्यावर चौकोनी पिशवी. यमुने त्या खांद्यावर तळहात ठेवला अन् बसून राहिली, सांजवरी."

"मग भैयाजीने दार बदललं असेल," हे म्हणाले.

"दोनदा तासून घेतलं. मंडळी आता दुसऱ्या घरी जमते. कौशल्या तिकडे जाते, तो एकटा घरी राहतो. मागच्या महिन्यात विश्वनाथ पुन्हा त्या बाजूला गेला होता. म्हणाला..."

त्यांनी घडी केलेला तक्ता खाली ठेवला.

"म्हणाला, तो काळा डाग आता दाराच्या आतल्या बाजूला उमटून राहिला आहे."