कडेला ठेवलेली माया

"मी कुठे आहे?"

तिनं फोटो काउंटरवर असा आपटला, की काचेखालच्या रिकाम्या फ्रेमसुद्धा दचकल्या. तिच्या मागे दुकानाचं दार अजून झुलत होतं.

फोटोवाल्यानं मान वर केली. आधी तिच्याकडे पाहिलं, मग फोटोकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"इथेच आहात की... माझ्यासमोर."

"फोटोत!"

आता हा प्रश्न रास्तच होता. आई-बाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून घरातल्या सगळ्यांचा काढलेला हा फोटो. मधोमध आई-बाबा. डावीकडे ताई आणि भावोजी, उजवीकडे वहिनी आणि दादा. आणि दादाच्या खांद्यामागून डोकावत होतं एक कोपर. निळ्या बाहीतलं, एकटं, बेवारशी कोपर.

"हे मी आहे," धाकटीनं कोपरावर बोट ठेवलं. "ही बाही मी स्वतः शिवलीय. म्हणून निदान ओळखू तरी आली."

घरात ती शेंडेफळ. शेंडेफळांचे लाड होतात म्हणे. हिच्या वाट्याला ताईचे आखूड झालेले फ्रॉक आणि दादाची दप्तरं आली होती. म्हणूनच असेल, शिवणकाम शिकली आणि दोन गल्ल्या पलीकडच्या शिंप्यांच्या दुकानात कापड बेतायला आणि कापायला उभी राहिली. आत्ताही गळ्यातली टेप काढायचं भान तिला राहिलं नव्हतं.

फोटोवाल्यानं स्क्रीनवर मूळ फोटो उघडला. त्यात ती होती! अख्खी, हसरी, निळ्या कुर्त्यात. पाहून तिचा राग दुप्पट झाला.

"हे बघा," तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "कॅमेऱ्यातला फोटो असतो लांबट. तो पूर्ण हवा तर आठ बाय बारा घ्यावा लागतो. तुमच्या ताईंनी सांगितलं आठ बाय दहा. मग दोन इंच जाणारच. मशीन दोन्हीकडून सारखं कापतं. एक इंच इकडून, एक इंच तिकडून."

"तिकडून काय गेलं?"

त्यानं नीट पाहिलं. "कुंडी."

"कुंडी."

"मोठी होती तशी..."

"म्हणजे मी आणि कुंडी सारख्याच?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं ओठ घट्ट मिटले, पण डोळे हसत होते, आणि ते तिनं पाहिलं. हसणाऱ्या माणसाशी भांडायला तिला मुळीच आवडत नसे. भांडणाची सगळी मजाच जाते.

"मशीननं कापलं म्हणता. मशीनला काय कळतं? तुम्ही बघायला नको? काउंटरमागे काय शोभेला बसता?"

आता मात्र त्याचं हसू गेलं. "चुकलं," तो म्हणाला. "बघायला हवं होतं. या इकडे, आपण दोघं मिळून कापू."

ती स्टुलावर बसली. स्क्रीनवर फोटोवर एक चौकट होती, ती माऊसनं सरकवता येत होती. त्यानं ती उजवीकडे सरकवली. धाकटी अख्खी आत आली आणि पलीकडे भावोजींचा अर्धा चेहरा गेला. परत डावीकडे. भावोजी आले, धाकटी गेली.

"भावोजींना कापू?"

"घरच्या कोणालाही कापायचं नाही!"

"मग वर-खाली पांढरी पट्टी सोडून छोटा करू?"

"ताईला पट्ट्या चालत नाहीत."

"मग फ्रेमच मोठी घ्या."

"ती ताईनं आणलीय. ताईनं आणलेली वस्तू बदलायची आमच्या घरात कोणाची छाती नाही."

तरी तिनं ताईला फोन लावला, आणि फोटोवाल्यालाही कळू दे म्हणून स्पीकरवर टाकला. चूक झाली.

"अगं, कोपर आलंय ना तुझं? पुरे की!" ताई म्हणाली. "आणि कडेला उभी राहतेस कशाला? तुझ्या शेजारी कोणी असतं, तर तो कापला गेला असता, तू वाचली असतीस. किती वेळा सांगितलं, लग्नाचं बघ—"

धाकटीनं फोन बंद केला. कान लालबुंद झाले होते. फोटोवाला प्रिंटरमधला कागद उगाचच काढून पुन्हा घालत बसला.

"खरंच," थोड्या वेळानं त्यानं हळूच विचारलं, "का उभ्या राहता कडेला?"

सांगायचं नव्हतं. पण निघून गेलं तोंडातून.

"दादाची कॉलर नेहमी आत दुमडलेली असते. वहिनीची ओढणी एकीकडे लांब. बाबांचं बटण चुकीच्या काजात. सगळ्यांचं नीट करत करत मी जाते, आणि तोवर जागा उरते ती कडेचीच." ती थांबली. "शाळेच्या फोटोत माझा एक कान आहे. ताईच्या लग्नात अर्धं तोंड. हा फोटो आई-बाबांच्या घरात दारासमोर लागणार... येणारा प्रत्येक माणूस बघणार. त्यात मला अख्खं असायचंय हो. एवढंच. फार मागतेय का मी?"

"नाही," तो म्हणाला. नुसतं नाही. पण असं म्हणाला, की तिनं गळ्यातली टेप उगाचच बोटाभोवती गुंडाळली, आणि तसं केल्याचा रागही आला.

"आमच्याकडे कापड कापताना कडेला माया ठेवतात," ती उठता उठता म्हणाली. "तुमच्याकडे ती पद्धतच नाही वाटतं."

"माया?"

"शिवणीच्या आत राहतं ना, ते जास्तीचं कापड. पुढे माणूस अंगानं भरला, की उसवून कपडा मोठा करता येतो. अगदी बेतावर कापलं, की संपलं."

"नाही," फोटोवाला म्हणाला, "आमच्याकडे माया नसते."

"दिसतंच आहे," ती म्हणाली आणि पाय आपटत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो शिंप्यांच्या दुकानात हजर. हातात एक पांढरा शर्ट.

"याला माया आहे का बघता?"

धाकटीनं कात्री खाली ठेवली. शर्ट उलटा केला, शिवणीवरून अंगठा फिरवला. कापड स्वच्छ होतं, उन्हात वाळल्याचा वास येत होता त्याला... तिनं तो घाईघाईनं नाकापासून लांब धरला.

"तयार घेतलाय. नाहीये माया. असे शर्ट कशाला घेतात लोक?"

"मग काहीच होणार नाही?"

"बगलेत पट्टी घालून देते. पण लक्षात ठेवा, राग गेलेला नाही माझा."

"जाऊ नये असंच वाटतंय," तो म्हणाला. "गेला की तुम्ही यायच्या बंद व्हाल."

मागून शिंपीकाका खोकले. ते असे खोकले, की अख्ख्या दुकानाला कळावं.

"रविवारी मी घरी येतो," फोटोवाला घाईनं म्हणाला. "फोटो पुन्हा काढू. या वेळी फ्रेमच्या मापानं. चूक माझी होती."

रविवारी तो आला. तोच पांढरा शर्ट, बगलेत तिनं घातलेली पट्टी. आल्या आल्या त्यानं कुंडी उचलून बाहेर ठेवली. धाकटीनं ते पाहिलं आणि बरं वाटलं तरी चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

मग नेहमीचं सगळं झालं. दादाची कॉलर, वहिनीची ओढणी, बाबांचं बटण. ती सगळ्यांना नीट करत आली आणि उजव्या टोकाला उभी राहिली. फोटोवाला मागे सरकला... अजून मागे... पार दाराला पाठ टेकेपर्यंत.

"अहो, एवढे लांब कुठे चाललात? मुंग्या दिसू आम्ही!" ती ओरडली. "आणि माझ्या बाजूला केवढी भिंत घेताय ती? कशासाठी?"

"माया," तो कॅमेऱ्यामागून म्हणाला.

"काय म्हणाला तो?" बाबांनी विचारलं.

"काही नाही," धाकटी म्हणाली. कान पुन्हा लाल.

फोटो निघू लागले. एकात भावोजींचे डोळे मिटलेले, एकात दादा बोलतोय, एकात ताई सगळ्यांना दटावतेय. शेवटी आईच वैतागली. "अरे बाळा, तू तिथे उभा म्हणून सगळे अवघडलेत. तू पण ये. आपोआप निघतो ना फोटो?"

"अहो, पण घरच्यांचा फोटो आहे..."

"ये म्हटलं ना!"

आईपुढे कोणाचं चालत नाही. त्यानं टायमर लावला आणि धावला. जागा एकच रिकामी होती, कडेची. धापा टाकत तो तिच्या शेजारी उभा राहिला आणि तिच्या एवढंच लक्षात आलं, की याची कॉलर आत दुमडलीय. हात आपोआप गेला. बोटांना त्याच्या मानेचा उबदार स्पर्श झाला, तो हलायचा थांबला, आई खुदकन हसली, आणि कॅमेरा वाजला.

तोच फोटो सगळ्यात छान आला. सगळ्यांचे डोळे उघडे, आई हसतेय. ताईनंसुद्धा मान्य केलं.

पुढच्या आठवड्यात ताईनं प्रिंट आणून फ्रेममध्ये बसवली. धाकटी संध्याकाळी घरी आली, दारासमोर उभी राहिली, आणि पाहतच राहिली. ती होती. अख्खी! दोन्ही कान, दोन्ही डोळे. पण तिचा हात मनगटापाशी संपला होता. पुढे बोटं नव्हती. कॉलर नव्हती. कॉलरीचा मालक तर नव्हताच.

"त्या मुलाला का गं कापलं?" आईनं स्वयंपाकघरातून विचारलं. "चांगला दिसत होता."

उत्तर द्यायला धाकटी होती कुठे? फ्रेम भिंतीवरून उतरवून ती केव्हाच रस्त्याला लागली होती.

फोटोवाला दुकान आवरत होता. तिनं फ्रेम काउंटरवर आपटली.

"तुम्ही कुठे आहात?"

"इथेच आहे की... तुमच्यासमोर."

"फोटोत!"

त्यानं फ्रेम स्वतःकडे ओढली. ती मात्र सुटली होती. "मशीननं कापलं? पुन्हा? तोंड वर करून सांगा!"

"मशीननं नाही." त्यानं नजर काचेवर ठेवली. "मीच कापलं. हातानं."

"का?"

"तुम्हीच म्हणालात, घरच्या कोणालाही कापायचं नाही. मी घरचा कुठे आहे?"

हे त्यानं इतक्या साधेपणानं सांगितलं, की तिला एकदम रडूच आलं. आणि रडू आल्यामुळे ती आणखी चिडली. जन्मभर कडेचं माणूस होणं काय असतं, ते तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? आणि हा शहाणा! आपल्याच हातानं स्वतःला कापून मोकळा!

"सरका," ती म्हणाली.

"अं?"

"सरका म्हणते ना. माऊस द्या इकडे."

त्याला स्टुलावरून उठवून ती बसली. मूळ फोटो उघडला. चौकट सापडायला वेळ लागला. तिनं ती मोठी केली, मग उजवीकडे ओढली... भिंत आली, तिची बोटं आली, कॉलर आली, तो आला. पलीकडे भावोजीही शाबूत. सगळे मावत होते आणि वर भिंत उरतही होती.

"मावतोय की!" ती जवळजवळ किंचाळली. "एवढी माया ठेवली होती, ती कशासाठी? कापून टाकायला? घरात माणूस वाढला, की उसवायची असते ती! तेवढ्यासाठीच ठेवतात! इतकी वर्षं फोटो कापताय, आणि एवढंही कळत नाही? मला आवडता तुम्ही, हे... हेही कळत नाही?"

बोलून गेलेलं परत घेता आलं असतं, तर तिनं घेतलं असतं... कदाचित. नसतंही घेतलं.

"कळत होतं," तो अगदी हळू म्हणाला. "पण वाटलं, मलाच वाटतंय तसं. मलाच तुम्ही इतक्या आवडता, म्हणून वाटत असेल."

"मग विचारायचं!"

"तुम्ही रागावला असता."

"रागावलेच असते. तरी विचारायचं."

तो हसला. या वेळी तिला त्या हसण्याचा राग आला नाही. शोधूनही सापडला नाही. तिच्या खांद्यावरून वाकून त्यानं माऊसवरच्या तिच्या हातावर हात ठेवला, आणि दोघांनी मिळून बटण दाबलं. मशीन घरघरलं. कागद बाहेर आला, अजून गरम. तिनं तो दिव्याखाली धरून एकेक माणूस तपासला. भावोजी, ताई, आई, बाबा, वहिनी, दादा, आपण. आणि कडेला तो.

"ताईंनी विचारलं, हा फोटोत कसा, तर काय सांगाल?"

"तिनंच सांगितलं होतं," धाकटी म्हणाली, "माझ्या शेजारी कोणीतरी हवं म्हणून. आणि हे 'सांगाल-बिंगाल' आता बंद कर."

"बरं," तो म्हणाला. मग जरा थांबून, चाचरत, "...सांगशील?"

"सांगेन," ती म्हणाली, आणि हात लांब करून त्याची कॉलर सारखी केली. खरं तर ती या वेळी दुमडलेली नव्हती.