डाव्या स्पीकरचा आकडा

हे घडलंय. ज्याला थाप वाटेल त्याने खुशाल थाप समजावी, माझं काही म्हणणं नाही.

मी पंधरा वर्षं लोकांच्या घरी होम थिएटर बसवतो. खोलीत कुठून कसला आवाज येतो ते शोधून काढणं, हेच माझं पोटापाण्याचं काम. पंखा, पाण्याचा पाइप, सैल झालेली खिडकीची काच, शेजारच्यांचं भांडण... सगळं ओळखतो. तरीही त्या रविवारी ऐकलेला आवाज कशाचा होता, हे मला अजून सांगता येत नाही.

वेळ दुपारी चारची. बाहेर लख्ख ऊन. भुताची गोष्ट सांगायला ही वेळ काही खास नाही, पण मी काय करू, घडलं तेव्हाच.

ठिकाण, माझ्या बाबांचं घर. तिसरा मजला, बसायची खोली.

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. कान इतका तिखट की घड्याळ न उघडता कुठलं चाक अडलंय ते सांगायचे. आई जाऊन आठ महिने झाले होते आणि ते एकटेच राहत होते. मीही एकटाच. बायको सोडून गेली त्याला चार वर्षं झाली. घरात दोन खोल्या, माणूस एक.

त्या दिवशी मी ठरवूनच गेलो होतो. बाबांना म्हणायचं, चला माझ्याकडे राहायला. तुमची काळजी वाटते, असं सांगणार होतो. खरं कारण माझंच होतं. संध्याकाळी घरी गेल्यावर कुणीतरी 'आलास का' म्हणावं, एवढंच.

त्यांनी मात्र बोलावलं होतं वेगळ्याच कामाला.

"अरे, बरेच महिने झाले, गाणं नीट येत नाही. गाणारा डावीकडे सरकलाय."

मला वाटलं, रिसीव्हरवर, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या मशीनवर, सिनेमाचा मोड लागला असेल. निम्म्या घरांत तेच असतं. लोक गाणी त्या मोडवर ऐकतात आणि मग मला फोन करतात, आवाज विहिरीतून आल्यासारखा का येतो म्हणून. पण बाबांचा रिसीव्हर साध्या स्टीरिओवरच होता. वायरी ठीक. स्पीकर भिंतीला चिकटून बसले होते, ते दोन्ही वीतभर पुढे ओढले. बास, म्हणजे खालचा जाड आवाज, जरा मोकळा झाला.

गाणारा तिथेच. डावीकडे.

मग सेटिंग उघडलं. डावा स्पीकर अडीच, उजवा शून्य. मशीन डावीकडचा आवाज मुद्दाम वाढवून देत होतं.

आणि माझ्या लक्षात आलं.

सहा वर्षांपूर्वी मीच हा रिसीव्हर बसवला होता. बसवल्यावर खोली मोजावी लागते. ऐकणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर एक छोटा माइक ठेवायचा. मशीन एकेका स्पीकरमधून 'हूऊऊप' असा आवाज काढतं आणि खोलीप्रमाणे स्वतःला जुळवून घेतं. तेव्हा खोलीत कुणी थांबायचं नसतं. माणसाचं अंग आवाज शोषतं.

आई हलायला तयार नव्हती. तिची बुटकी खुर्ची बाबांच्या डाव्या हाताला, स्पीकरच्या वाटेतच.

"मी काय कपाट आहे का बाजूला सरकवायला? गाणी लागतील तेव्हा मी इथेच बसणार ना? मग मला धरूनच मोज."

वर, डाव्या स्पीकरने 'हूऊऊप' केलं की तीही बारीक आवाजात 'हूऊऊप' करायची. मोजणी तुटायची. पडद्यावर अक्षरं यायची, 'खोलीत आवाज आहे. शांतता राखा.' तीनदा तसंच झालं. बाबा हसून हसून बेजार. चौथ्या वेळी तिने स्वतःच तोंडावर हात दाबून धरला आणि मोजणी पार पडली.

मी हे सगळं बाबांना मोठ्या उत्साहाने समजावून सांगितलं. गाढवासारखं.

"आता ती खुर्ची रिकामी असते. आवाज अडत नाही, म्हणून डावीकडे जास्त वाटतं. परत मोजलं की झालं."

बाबा खुर्चीकडे पाहत राहिले.

"म्हणजे मशीन अजून तिला धरून चाललंय?"

"हो."

"आणि परत मोजलं की जुनं राहतं?"

"नाही. पुसलं जातं."

मला तेव्हा कळलं आपण काय बोलून बसलो ते.

"मोज," ते म्हणाले. "गाणंही गेलं तर मी दिवसभर करू काय?"

माइक लावला. दोघं बाहेर जिन्यात येऊन उभे राहिलो, दार लोटून घेतलं.

हूऊऊप... डावा स्पीकर.

आणि मोजणी तुटली.

आत जाऊन पाहिलं. 'खोलीत आवाज आहे. शांतता राखा.'

फ्रिज असेल. बंद केला. पुन्हा बाहेर.

हूऊऊप... पुन्हा तुटली. पुन्हा डाव्यालाच.

बाबांनी न सांगता भिंतीवरची पाचही घड्याळं थांबवली. ते घर इतकं गप्प मी कधी ऐकलं नव्हतं. आईच्या वेळी तर नाहीच.

तिसऱ्या वेळी मी दाराला कान लावला.

हूऊऊप...

आणि त्याच्या मागोमाग... अगदी बारीक...

हूऊप.

मी बाबांकडे पाहिलं. ते दाराकडे पाहत होते.

"वरच्या मजल्यावरून आला असेल," मी म्हणालो.

"वर गच्ची आहे," बाबा म्हणाले.

मग ते दाराजवळ गेले आणि नेहमी बोलायचे तशा आवाजात म्हणाले, "पुरे आता. पोरगं खोळंबलंय."

मी एकटाच आत गेलो. खरं सांगतो, खुर्चीकडे पाहिलं नाही. रिमोटचं बटण दाबलं आणि बाहेर आलो.

चौथी फेरी सुरळीत पार पडली. एकदाही तुटली नाही.

पडद्यावर आकडे आले. दोन्ही स्पीकरचं माइकपासूनचं अंतर वीतभर कमी झालेलं, कारण ते मी पुढे ओढले होते. म्हणजे मोजणी नवीनच होती, जुनी राहून गेलेली नव्हती.

उजवा शून्य.

डावा... अडीच.

आवाज अडल्याशिवाय हा आकडा येत नाही. आणि खुर्ची रिकामी होती. बुटकी आहे ती, नुसत्या खुर्चीने काही अडत नाही.

बाबांनी गाणं लावलं. गाणारा दोन स्पीकरच्या बरोबर मधे उभा होता. मी दारातूनही ओळखलं.

"बाबा," मी म्हणालो, "माझ्याकडे चला राहायला."

"आता?" ते खरोखरच गोंधळले. "आता कसं येता येईल?"

तीन आठवड्यांनी मीच फोन केला. आवाज कसा येतो विचारलं.

"कधी डावीकडे जातो, कधी बरोबर मधे येतो," बाबा म्हणाले.

"येऊन बघू का?"

"नको, हात लावू नकोस. असंच राहू दे. मधे आला की मला कळतं, ती येऊन बसलीय."

हल्ली ते फारसे बाहेर पडत नाहीत. फिरायला जाणंही सोडलंय. आपण नसताना ती येऊन गेली तर, असं त्यांना वाटतं. मला त्यांच्याबद्दल भीती वाटते की हेवा, हे मी स्वतःला अजून विचारलेलं नाही.

परवा मी माझ्या घरची खोली मोजायला घेतली. तशी गरज नव्हती. माझं मशीन बाबांच्या मशीनपेक्षा कितीतरी भारी आहे. एक बुटकी खुर्ची आणून डावीकडे ठेवली, स्पीकरच्या वाटेत. फ्रिज बंद केला. बाहेर येऊन दार लोटलं आणि दाराला कान लावला.

हूऊऊप...

मी वाट पाहिली.

"आई," मी हळूच म्हणालो, "मीपण आहे गं."

मोजणी पहिल्याच फेरीत पार पडली. कुठे अडखळली नाही, तुटली नाही.

डावा शून्य. उजवा शून्य.

खुर्ची मी अजून उचललेली नाही.