काकांची ओळ

हे माझ्या सख्ख्या ताईच्या बाबतीत घडलंय. विश्वास ठेवा, नका ठेवू. फोनच्या दुसऱ्या टोकाला मी स्वतः होते.

दोन वर्षांपूर्वीचा रविवार. दुपारचे साडेतीन.

ताई प्रोग्रामर. तिची कंपनी इलेक्ट्रॉनिक कुलुपांचे प्रोग्राम बनवते. नवा प्रोग्राम सोमवारी द्यायचा होता, म्हणून ती एकटीच ऑफिसला गेली. चाचणीसाठी ऑफिसचं दार तिच्याच मशीनला जोडलेलं होतं.

तिने सर्व्हरवरचा ताजा कोड आपल्या मशीनवर घेतला आणि एका फाइलवर गाडं अडलं. एकाच ओळीत दोघांनी बदल केले असले, की मशीन विचारतं, कुणाची ठेवू?

ताईची ओळ होती, सुट्टीच्या दिवशी चारला दार बंद.

आणि दुसरी...

‘आत माणूस आहे. दार बंद करू नका.’

पुढे नाव काकांचं.

काका म्हणजे तिथले सगळ्यात जुने प्रोग्रामर. आदल्या वर्षी अशाच एका रविवारी त्यांच्या छातीत कळ आली. दार आपोआप बंद झालेलं. सोमवारी सापडले.

‘जुनी फाइल राहिली असेल,’ ताईने मनाची समजूत घातली. त्यांची ओळ पुसली, स्वतःची ठेवली. पुन्हा अपडेट केलं.

पुन्हा तीच फाइल.

तीच ओळ.

पाच वेळा पुसली बाईने! आमची ताई हट्टीच.

चार वाजले.

खट्...

तिचा फोन आला. “अगं, दार उघडत नाहीये. कार्ड चालत नाही.”

“वॉचमनला हाक मार ना.”

“घसा बसला ओरडून. कोणी येत नाही.”

तेवढ्यात मला ऐकू आलं... टक. टक टक. टक.

“ताई, ते टाइप करणं थांबव आधी. दाराकडे बघ.”

 ती अगदी हळू म्हणाली,

“मी दारापाशीच उभी आहे गं.”

टक टक चालूच...

“ताई, त्यांची ओळ ठेव! तुझी पुसून टाक!”

ती कशीबशी टेबलापाशी गेली. आवाज थांबला. खुर्ची रिकामी होती. तिने उभ्या उभ्याच काकांची ओळ ठेवली.

दार उघडलं.

ताई धावत सुटली. पण दारात कोणाचा तरी खांदा तिच्या खांद्याला घासला... आणि तिच्याआधी बाहेर पडला.

दिसलं कोणीच नाही.

ताईने ती नोकरी सोडली. एकदा मी सहज म्हटलं, “सुटले बिचारे काका.”

ताई माझ्याकडे बघतच राहिली.

“सुटले गं. पण गेले कुठे?”

हल्ली घराची कडी लावायला आम्ही दोघी मिळून जातो.