रांगेतला होयबा

पवईच्या ऑफिसची लिफ्ट चौथ्या मजल्यावर उघडली तेव्हा ऋता आधीच वैतागलेली होती. का नसेल? आठ महिने खपून तिने एका पॅथॉलॉजी लॅबला रिपोर्ट पाठवायचं मॉड्यूल बांधलं होतं, आणि आज सकाळपासून लॅबची सिस्टिम त्यातला एकही रिपोर्ट घेत नव्हती. पाच वाजता शेवटची चाचणी. नापास झालं तर काम दुसऱ्या टीमकडे जाईल, असं मॅनेजर नंदकुमार सरांनी तोंडावर सांगितलं होतं.

लिफ्टमध्ये एक उंच मुलगा फोनवर हसत बोलत होता. "थँक्यू कसलं, तेजल? काल आपल्या सगळ्यांच्या प्रोजेक्टमध्ये तयार कोडची एक लायब्ररी टाकली फक्त. एक ओळ! तुझ्या टीमच्या ऑर्डरी आता एक्सएमएलच्या साच्यात झकास जातील."

काल. एक ओळ. ऋताच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"फोन ठेव," ती म्हणाली.

"सॉरी... तू कोण?"

"जिची तू वाट लावलीस ती!"

मुकुल त्याचं नाव. मुलुंडचा. मुकाट्याने तिच्या डेस्कपाशी आला, स्टूल ओढून बसला.

"हे बघ," ऋता तडतडली, "माहिती बाहेर जाताना तिचं एक्सएमएल करायचं काम कन्व्हर्टरचं. माझा कन्व्हर्टर जॅक्सबी. लॅबने ठरवून दिलेली रकान्यांची नावं मी लिहिलीत, ती तो इमानाने पाळतो. तुझ्या ओळीबरोबर आला दुसरा कन्व्हर्टर, जॅक्सन! रांगेत पुढे घुसला आणि स्वतःच्या मनाने नावं देऊन मोकळा! लॅबला ती कळतच नाहीत!"

"पण कामं वाटणारं फ्रेमवर्क त्याला काम देतंच का?"

"रांगेत जो पहिला 'मला जमतं' म्हणेल, त्याला काम. आणि तो मेला होयबा सगळ्यांनाच हो म्हणतो."

तेवढ्यात मुकुलचा फोन वाजला. "हो हो, करतो," तो म्हणाला. अर्ध्या तासातला हा चौथा 'करतो'.

"तुझ्यासारखाच," ऋता म्हणाली. त्याचे कान लाल झाले. ते बरे दिसतात, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचाच राग आला.

"काढून टाकू माझी ओळ?"

"टाक ना!"

"पण मग तेजलच्या ऑर्डरी अडकतील. तिला हो म्हणालोय गं..."

"अरे देवा!" तिने कपाळाला हात लावला. साडेचार वाजले होते. आठ महिन्यांचं काम, आणि शेजारी हा नमुना!

मुकुलने तिच्यासमोरचा गार चहा हळूच बाजूला सारला. "एक सांग... तुझा जॅक्सबी कुणाकुणाला हो म्हणतो?"

"ज्या क्लासवर, म्हणजे माहितीच्या साच्यावर, त्याची खूण आहे, फक्त त्यालाच. बाकीच्यांना सरळ नाही. चोखंदळ आहे तो."

"मग चोखंदळाला पुढे बसव ना! तुझे रिपोर्ट तो घेईल. तो नाही म्हणेल ते सगळं मागच्या होयबाकडे."

ऋता त्याच्याकडे बघतच राहिली. इतकं सोपं... आणि सुचलं कुणाला, तर यालाच! दात-ओठ खात तिने क्रम बदलला.

पाच वाजून सात मिनिटांनी लॅबकडून उत्तर आलं. सगळे रिपोर्ट पोचले होते. तेजलच्या ऑर्डरीही. ऋताने डोळे मिटून मोठा श्वास सोडला. आनंदाने तिला रडूच यायचं बाकी होतं.

"चहा... प्यायचा? खाली टपरीवर?" मुकुलने चाचरत विचारलं.

"तुझं काय, तू कुणालाही विचारत असशील."

"छे. मी फक्त हो म्हणतो. विचारत कुणालाच नाही—"

फोन वाजला. नंदकुमार सर. "मुकुल, थांब जरा, एक छोटंसं काम होतं..."

मुकुलचं तोंड सवयीने उघडलं. त्याने ऋताकडे पाहिलं. ती मुद्दामच स्क्रीनकडे बघत होती. कान मात्र त्याच्याकडेच होते.

"नाही सर," तो म्हणाला. "आज नाही."

त्याने फोन खिशात टाकला. "बाप रे... नोकरीतला पहिला नकार. ऋता, लिफ्टमध्ये ओरडलीस ना, तेव्हाच आवडलीस तू मला."

"मी पण चोखंदळ आहे, बरं का. सहसा नाहीच म्हणते."

"माहितीये. म्हणून तर घाबरलोय."

ऋताने लॅपटॉप मिटला, पर्स खांद्याला लावली. दोन पावलं गेली आणि वळून वैतागली, "आता काय लेखी देऊ? हो म्हणतेय ना! चल... आणि तेजलचा फोन आला तर उचलू नकोस."