खालच्या मजल्यावरचा भाडेकरू

"भाडेकरू, गच्चीवर काय वाळत घातलंय?" मालनताई दिघ्यांनी मायक्रोफोनमध्ये दरडावून विचारलं.

"अब्रू, मालकीणबाई. काल तुम्ही चारचौघांत धुतलीत ना, ओली होती."

काचेपलीकडे बसलेली रेश्मा तांबोळी खुदकन हसली. उत्तर त्र्यंबकराव उकिडव्यांच्या आवाजात आलं होतं, पण त्र्यंबकरावांना जाऊन वीस वर्षं झाली होती. ते भाडेकरूचं काम करायचे ती 'खालचा मजला' ही मालिका एकोणीस वर्षं रेडिओवर आणि अकरा वर्षं दूरदर्शनवर चालली. रात्रीची जेवणं तिच्यासाठी खोळंबायची. त्या साऱ्या ध्वनिफिती ऐकवून रेश्माने एक 'संवादयंत्र' घडवलं होतं. समोरचा काय बोलतो ते ऐकून ते त्र्यंबकरावांसारखं, दरवेळी नवं उत्तर द्यायचं. ध्वनिसंग्रहालयात ते लोकांसाठी खुलं करायला एकाच व्यक्तीची संमती हवी होती. मालकीणबाईंचं काम तीस वर्षं करणाऱ्या मालनताईंची.

"त्यांची नक्कल करणारे पन्नास पाहिलेत मी," असं म्हणतच त्र्याऐंशी वर्षांच्या मालनताई आत आल्या होत्या. आता मात्र रंगात आल्या होत्या.

"ते काही नाही, ती अब्रू आधी खाली उतरवा! तिथे माझ्या..." आणि शब्दच आठवेना. त्यांचा हात टेबलाची कड चाचपू लागला.

"कळलं!" यंत्र म्हणालं. "तुमच्या लोणच्याच्या बरण्यांना वास लागेल, हेच ना? घाबरू नका. माझ्या अब्रूपेक्षा तुमचं लोणचं जास्त मुरलंय."

"बरण्या," मालनताई पुटपुटल्या. त्यांनी कानावरचे हेडफोन उतरवले. "रेश्मा, हे असं सावरून घ्यायला तू शिकवलंस त्याला?"

"नाही, ताई. ते फक्त फितींवरूनच शिकलंय."

रेश्माने यंत्राला जुन्या फितींत असे प्रसंग शोधायला सांगितलं. क्षणात पडद्यावर यादी आली. दोनशे चौदा. सगळे एका तारखेनंतरचे.

तारीख वाचून मालनताई खाली बसल्या. "आमचे हे गेले, त्यानंतरचा आठवडा."

एकेक तुकडा त्या ऐकत गेल्या. प्रत्येक ठिकाणी त्या अडखळत होत्या आणि त्र्यंबकराव मध्येच तोंड घालून, हशा पिकवून, हरवलेला शब्द त्यांच्या हाती देत होते. श्रोत्यांना कधी पत्ताही लागला नव्हता.

"मला वाटायचं, हा माणूस माझी वाक्यं खातो," त्या म्हणाल्या. "संहिता सोडून भरकटतो, असं पेपरवाल्यांनीही छापलं. मी तर सगळ्यांदेखत बोलले त्यांना. शेवटची दोन वर्षं अबोला धरला. तरी एका शब्दाने म्हणाले नाहीत, की बाई, विसरता तुम्ही."

मालनताईंनी हेडफोन पुन्हा चढवले.

"त्र्यंबकराव, चुकलं माझं."

यंत्र काहीच बोललं नाही.

रेश्माने घाईने पडदा पाहिला. बिघाड नव्हता. उत्तरादाखल तीन विनोद तयार होते, तिन्ही चांगले. यंत्राने ते मागे ठेवले होते आणि ते गप्प राहिलं होतं. पाच सेकंद, दहा सेकंद. मालनताई डोळे पुसत होत्या आणि ते थांबलं होतं.

हे थांबणं कुठल्या फितीवरून शिकलं असेल ते?