कोरडं झाकण

ही गोष्ट घडलेली आहे. वाचून कुणाला हसू आलं तर खुशाल हसा, पण वुलानसमोर हसू नका.

जागा... जपानमधल्या निगाताच्या डोंगरातली मात्सुनोसावा नावाची वाडी.

वेळ... जानेवारीतला शनिवार. संध्याकाळचं जेवण.

वुलान जावा बेटावरची, मुसलमान घरातली. विद्यापीठात शिकायला आली तोवर तिने बर्फ पाहिला होता तो फक्त सरबतात. परदेशातून आलेल्या पोरांना शनिवार-रविवार म्हणजे जीव की प्राण. वुलानच्या टोळीत तिघंच. ती, वर्गातली चिहारु आणि गाडीवाला कोसुके. कधी गरम पाण्याचे झरे, कधी बर्फाच्या पुतळ्यांची जत्रा, कधी स्की. स्कीवर वुलान उभी कमी आणि पाठीवर जास्त होती. सगळ्या शनिवारांचे फोटो आहेत.

या शनिवारचा एकही नाही.

"आजची सहल फुकट नाही हं," कोसुके गाडी चालवताना म्हणाला. "छतावरचा बर्फ ओढायचाय. हिच्या आईने मला मजूर म्हणूनच बोलावलंय."

"तुला जेवण मिळणार आहे ना? मग गप चालव," चिहारु म्हणाली.

ती हसली नाही.

कारण ही सहल नव्हतीच. चिहारु आईला न्यायला चालली होती.

वाडीत आता एकाच घरात दिवा लागायचा. बाकीचे केव्हाच खाली शहरात गेले. मागच्या हिवाळ्यात काकू, म्हणजे चिहारुची आई, अंगणात पडल्या आणि दुपारभर बर्फात तशाच पडून राहिल्या. टपालवाला आला म्हणून वाचल्या. चिहारुला एप्रिलपासून सेंदाई शहरात नोकरी लागली होती. तिने दोघींपुरती जागाही बघून ठेवली होती. आणखी एक हिवाळा आई इथे एकटी राहिली तर ती मरणार, हे चिहारुला स्वच्छ दिसत होतं.

पण काकू हलत नव्हत्या. थोरल्या मुलासाठी.

योशिहिरो. चिहारुचा दादा. ती शाळेत असताना एका संध्याकाळी तो शेजारच्या म्हातारीचं छत साफ करायला गेला. "जेवायला येतो," म्हणाला.

आला नाही.

वसंतात बर्फ वितळला. गावाने ओढा पाहिला, दरी पाहिली.

काहीच सापडलं नाही.

तेव्हापासून काकू रोज त्याचं ताट वाढतात. बाहेर गेलेल्या माणसाचं ताट घरी मांडायचं, ही तिकडची जुनी रीत. सगळ्यांचं जेवण झालं की त्याच्या सूपच्या वाटीवरचं झाकण उचलून बघायचं. आतून थेंब असले तर माणूस सुखरूप आहे. कोरडं असलं तर... समजायचं.

"आईने कबूल केलंय, झाकण कोरडं निघालं की येईन म्हणून," चिहारु म्हणाली. मग कडवट हसली. "गरम सूपवरचं झाकण कोरडं निघतं का गं कधी? इतकी वर्षं माझा दादा वाफेवर जिवंत आहे."

घर खिडक्यांपर्यंत गाडलं गेलेलं. आत दुपारीच दिवे. काकू ठेंगण्या, लगबगीच्या. वुलानचे गार हात त्यांनी स्वतःच्या हातांत धरले.

"ये पोरी. तुझ्या रश्श्यात डुकराचं काही घातलं नाहीये हं. भांडंसुद्धा वेगळं घेतलंय."

चिहारुला मात्र त्या एवढंच म्हणाल्या, "दार लाव. गारठा येतोय."

वुलानला ते टोचलं. चिहारुला सवय होती.

कोसुकेने छत साफ केलं. अगदी लख्ख. खाली काकू त्याच्या कमरेची दोरी धरून ओरडत होत्या, "पाय सांभाळ रे! माझ्या डोक्यावर नको टाकूस!"

मग जेवण. खाली शेगडी आणि वरून पांघरूण असलेल्या बुटक्या टेबलाखाली पाय घालून सगळे बसले. अळकुड्यांचा रस्सा, भात, मुळ्याचं लोणचं, आंबवलेल्या सोयाबीनचं मिसो सूप. कोपऱ्यात दादाचं ताट, काळ्या वाटीवर लाल झाकण.

जेवण संपत आलं. काकू चहाचं पाणी आणायला आत गेल्या.

चिहारु उठली.

तिने झाकण उचललं. आत टपोरे थेंब होते. तिने ते बाहीने पुसले... नीट, कडेपर्यंत. सूप एव्हाना गार झालं होतं. झाकण परत ठेवून ती जागेवर येऊन बसली.

वुलानने पाहिलं. कोसुकेनेही पाहिलं. तो मान खाली घालून भात खात राहिला.

काकू आल्या. ताटासमोर गुडघे टेकून बसल्या. झाकण उचललं.

आतून बोट फिरवलं.

बोटाकडे बघत राहिल्या.

चिहारुने श्वास रोखला होता. आता रडतील, ओरडतील, काहीतरी होईल...

काहीच झालं नाही. काकूंनी हात जोडले आणि झाकण उलटं ठेवलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "सकाळी किती वाजता निघायचं?"

चिहारुला रडू फुटलं. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं होतं. "लवकर निघू, आई. तिथे ऊन असतं गं. तुला आवडेल."

आणि तेव्हा...

धप्.

"छतावरचा बर्फ," चिहारु डोळे पुसत म्हणाली.

कोसुकेने वर पाहिलं. छतावर बर्फ राहिला नव्हता. त्याने स्वतः ओढला होता.

धप्... धप्...

आवाज वरून येत नव्हता. दाराकडून येत होता. बाहेरून आलेला माणूस उंबऱ्याशी पाय आपटून बुटांचा बर्फ झाडतो, तो आवाज. त्या प्रांतात रोज सगळ्या घरांत ऐकू येतो.

मग शांतता.

मग सरकतं दार थोडंसं हललं.

काकूंनी मानही वळवली नाही. चहा ओतत, अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या,

"आलास? किती उशीर केलास रे."

वुलानने पाय पोटाशी ओढले. खोलीतला गारठा पांघरुणाखाली पायापर्यंत पोचला होता.

कोसुके उठला. दाराशी गेला. बराच वेळ आलाच नाही.

"कोसुके?"

"कोणी नाही," तो तिथूनच म्हणाला. "कडी आतून लावलेलीच आहे."

वुलान त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. फरशी कोरडी होती. काचेतून बाहेरचा ताजा बर्फ दिसत होता. त्यावर एक पाऊल नव्हतं.

पण त्यांचे बूट...

येताना त्यांनी ते नीट ओळीत मांडले होते. आता ते दोन्ही बाजूंना सरकवलेले होते. मधे जागा सोडली होती.

एका जोडाची.

"आई, तू सरकवलेस ना?" चिहारु मागून ओरडली. "सांग ना! तूच सरकवलेस!"

काकूंनी मुलीकडे पाहिलं. त्या दिवसात पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"मी कशाला सरकवू? इतकी वर्षं तो वाटेत होता. वाटेतल्या माणसाला घरी येता येत नाही. मेलेल्याला येता येतं." मग चहाचा पेला पुढे केला. "तू बाहीने पुसलंस, बरं झालं. मला धीर होत नव्हता."

चिहारुचा चेहरा पांढराफटक पडला.

सकाळी काकू एक बोचकं घेऊन तयार होत्या. घराकडे वळूनही पाहिलं नाही. गाडीत मागे बसल्या आणि वुलानला म्हणाल्या,

"जरा सरक पोरी. अजून थोडी."

वुलान दाराला चिकटून बसली. दोघींच्या मधे जागा रिकामी होती. सगळा प्रवासभर तिची त्या बाजूची मांडी बधिर होती. तिने तिकडे बघितलं नाही. कोसुकेनेही आरसा वर वळवून ठेवला होता.

पुढे बसलेली चिहारु मात्र अखंड बोलत होती. नवी जागा, जवळची बाग, बाजार. आई येत होती, बाकी कशाचं तिला काही पडलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी कोणी कुठे गेलं नाही. मग तो प्रघातच मोडला.

मार्चअखेर सेंदाईहून वुलानला चिहारुचा फोन आला.

"काकू कशा आहेत?"

"मजेत. अंग धरलंय. गुणगुणते सुद्धा."

"मग तू अशी काय बोलतेस?"



"जेवायची वेळ झाली की दाराशी कुणीतरी बुटांचा बर्फ झाडतं. रोज. तिसरा मजला आहे, वुलान. इथे बर्फ नाही. आई दार उघडते. मग ती दोघं जेवतात."

"दोघं? आणि तू?"

"माझंही ताट असतं ना. कोपऱ्यात. वाटीवर झाकण घालून."

वुलानने फोन घट्ट कानाशी धरला.

"मी म्हटलं, आई, मी इथेच बसलेय, तुझ्यासमोर. तर त्या कोपऱ्यातल्या ताटाकडे बघून म्हणाली, 'सांभाळून ये गं बाळा.' मला बाळा कधी म्हणाली नव्हती ती."

"चिहारु, तू निघ तिथून. आत्ता निघ."

"कशी निघू? मीच तर आणलं तिला. माझ्यापाशी राहावी म्हणून."

तेवढ्यात फोनमधून...

धप्... धप्...

आणि काकूंचा आवाज. हलका, एखाद्या तरुण बाईसारखा. "आलास? आलास रे?"

"ऐकलंस?" चिहारु कुजबुजली. "माझ्यासाठी ती इतकी खूश कधी झाली नाही. एकदाही नाही."

फोन बंद झाला.

मे महिन्यात कोसुके सेंदाईला जाऊन आला. दार काकूंनी उघडलं. त्याला ओळखलं, तब्येत विचारली.

"चिहारु आहे का?" त्याने विचारलं.

"नाही रे. यायचीय अजून," काकू म्हणाल्या. "वाट बघतेय मी."

त्यांच्या खांद्यावरून कोसुकेला खोली दिसत होती. चिहारु कोपऱ्यात बसली होती. त्याने हाक मारली. तिने मान वर केली आणि हळूच नकारार्थी हलवली.

काकूंनी दार लावून घेतलं.

कोसुके जिना उतरून निघून आला. पोलिसांत जाऊन काय सांगणार होता? मुलगी आईकडे राहते म्हणून?

वुलान आता जावाला परत गेलीय. चिहारुचा नंबर ती अजून लावते. फोन वाजत राहतो, कोणी उचलत नाही.