उपाशी कोपरा

अयोध्या नगरातल्या वैजयंतीबाईंची गोधडी एकदा घेतली की गिऱ्हाईक दुसरीकडे जात नसे. हे त्या स्वतःच सांगत, आणि का सांगू नये? टाका न टाका हाताचा. म्हणूनच त्यांच्या ऑनलाइन दुकानावर शिक्का बसला तेव्हा त्यांचं टाळकं सटकलं. गिऱ्हाईक म्हणालं, पार्सल पोचलंच नाही. कंपनीला काय, बटण दाबलं की माणूस चोर! दुकानाच्या नावापुढे झळकलं: ‘अविश्वसनीय विक्रेता’. आणखी एक तक्रार आली की दुकान बंद.

“जाऊ दे ना वैजू,” नवरा दत्तात्रय म्हणाला. “एका गोधडीसाठी उन्हात कुठे जातेस?”

“गोधडीसाठी नाही हो, नावासाठी. चोरटी म्हणतात मला!”

भर दुपारी त्या पार्सलच्या पत्त्यावर, अशोका गार्डन वस्तीत धडकल्या. दार उघडलं शमिकाने. तीच ती गिऱ्हाईक. नुकतीच आई झालेली, डोळे तारवटलेले.

“आंटी, सच में नाही मिळालं. घर बघून घ्या ना, बस?”

त्या घुसल्याच. पाळण्यात बाळ झोपलेलं. अंगावर त्यांचीच गोधडी.

“मग ही काय?”

“कुठली?” शमिका वाकून बघू लागली. “गर्मी आहे म्हणून उघडंच झोपवलंय त्याला.”

पोरगी खोटं बोलत नव्हती. खोटं वैजयंतीबाईंना लांबून कळायचं.

त्यांनी गोधडी चाचपली. जाड, खरीखुरी. त्यांच्या माहेरची, विदर्भातली रीत होती: शेवटचा कोपरा शिवण्याआधी आत पोळीचा तुकडा घालायचा. गोधडी उपाशी धाडायची नाही. या खेपेला कुरियरवाला खाली हॉर्न बडवत होता. घाईत तो कोपरा त्यांनी रिकामाच शिवला होता.

आता तो भरलेला होता.

मऊ. कोमट.

त्यांनी बोटाने दाबून पाहिलं. आतून कुणीतरी उलट दाबलं.

“काय झालं, आंटी?”

“काही नाही.”

हात मागे आला, पण मान खाली गेली नाही. मोबाइल काढून त्यांनी फोटो घेतला आणि तिथेच उभ्या उभ्या कंपनीला धाडला. ‘ही घ्या माझी गोधडी. आता बोला.’

मग स्वतः पाहिला.

फोटोत गोधडी नव्हती.

उघडं बाळ होतं. पोटावर, गालावर टाक्यांच्या ओळी उमटलेल्या. शेवटची ओळ मिटलेल्या ओठांवरून गेली होती.

एकही टाका वाकडा नव्हता.